फॅनबेल्टचा आवाज : एका निदानाचा इतिहास



संयोजकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी 'फॅनबेल्टचा आवाज' असं सांगितलं. फोनवर दोन क्षण शांतता. मग त्यांनी विचारलं, "सर, हे रूपक आहे ना?" मी म्हटलं, नाही हो, रूपक वगैरे काही नाही. गाडीचा फॅनबेल्ट. बॉनेटखाली असतो तो. (हशा)

तत्त्वज्ञानाच्या माणसानं गाडीच्या पट्ट्यावर बोलावं हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण मी पोटापाण्यासाठी तर्कशास्त्र शिकवलं, आणि तर्कशास्त्राचा सगळ्यात मोठा धडा मला वर्गात मिळाला नाही, खंबाटकी घाटात मिळाला. तो का मिळाला हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि समजलं ते यंत्रांचा इतिहास वाचायला लागल्यावर. म्हणून आज इतिहास सांगतो. मधूनमधून माझी फजितीही येईल.

आधी गाडीची ओळख करून देतो. 1967ची फियाट 1100 डिलाइट. ती माझ्या वडिलांची. बाबा सांगलीत डॉक्टर होते. हे मॉडेल आपल्याकडे 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात व्हायचं. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली ही कंपनी. पुढे त्याच गाडीचं नाव 'प्रेसिडेंट' झालं, मग 'पद्मिनी' झालं, आणि 2000च्या सुमारापर्यंत ती बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर येते ती हीच. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. आता अशा गाडीला 'क्लासिक' म्हणतात. आमच्या लहानपणी नुसती 'गाडी' म्हणत, कारण दुसरी असायची कुठे? अँबॅसिडर, फियाट, स्टँडर्ड हेरल्ड. संपलं. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. एवढी वाट बघून मिळालेली गाडी कोण टाकून देणार? त्यामुळे ती पंचवीस-तीस वर्षं वापरली जायची, आणि तिच्यातला एकेक भाग बदलत जायचा. (थीसियसच्या जहाजाचा मोह मी इथे टाळतो. विद्यार्थी बसलेत समोर, त्यांनी तो प्रश्न परीक्षेत पुरेसा भोगलाय.)

हे 'बदलत जाणं' लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आता पट्टा. आपल्या भागात माझ्या वयाच्या माणसाला यंत्राचा पट्टा पहिल्यांदा दिसतो तो पिठाच्या गिरणीत. कोपऱ्यात ऑइल इंजिन, त्याच्या चाकावरून जात्याच्या चाकावर गेलेला लांबलचक सपाट पट्टा, आणि तो फटफटत असताना "पोरांनो, लांब उभं ऱ्हावा" असं ओरडणारा गिरणीवाला. पट्टा घसरायला लागला की तो त्यावर राळेची पूड टाकायचा. सपाट पट्ट्याची पकड दोनच गोष्टींवर: तो किती ताणलाय आणि चाकाला किती वेढा घातलाय. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं दोराच्या पकडीचं गणित मांडलं, ते इथे लागू पडतं. वेढ्याचा कोन वाढला की पकड बेताबेतानं वाढत नाही, झपाट्यानं वाढते. उलट बाजूनं पाहिलं तर, वेढा थोडा कमी झाला की पकड एकदम ढासळते. गिरणीवाल्याला ऑयलर माहीत नव्हता, पण चाकं फार जवळ आणली की पट्टा उतरतो हे त्याला ठाऊक होतं.

मोटारीत एवढी जागा कुठून आणणार? सुरुवातीच्या गाड्यांत पंख्याला चामड्याचे पट्टे असायचे. ते पावसात ताणायचे, उन्हात आखडायचे. 1917 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा आणला. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा छेद, म्हणून व्ही-बेल्ट. कल्पना साधी आहे. लाकूड फोडताना पाचर जशी फटीत रुतते तसा हा पट्टा पुलीच्या खाचेत रुततो. तो खाचेच्या तळावर बसत नाही, दोन्ही भिंतींना घासून बसतो. खाचेचा कोन 40 अंशांच्या आसपास धरला तर त्याच ताणात पकड जवळपास तिप्पट मिळते. म्हणून बोटभर रुंदीचा पट्टा, चाकं हातभर अंतरावर, आणि तरी काम चालतं. आणि म्हणूनच, तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हे बघून ठेवा, पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकलाय. पाचर राहिली नाही, तो पुन्हा गिरणीचा सपाट पट्टा झालाय. तो कितीही आवळा, घसरणारच.

या पट्ट्यावर काय काय लादलं गेलं, हा इतिहासाचा पुढचा भाग. आधी फक्त पंखा आणि पाण्याचा पंप. मग वीज. 1912च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारायचं, आणि इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरायला डायनामो आला. डायनामो आपल्याला सायकलमुळे माहीत. टायरला टेकवायचा, पायडल मारायचं, दिवा लागतो. चढावर सायकल मंदावली की दिवा मिणमिणतो, आणि पावसात टायर ओला झाला की डायनामो घसरतो नि दिवा जातो. बरोबर समोर पोलीस उभा असतो तेव्हाच. (हशा) गंमत अशी की सायकलचा तो 'डायनामो' शास्त्रीय अर्थानं डायनामो नव्हताच. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज निघते, म्हणजे तो छोटासा अल्टरनेटर. नावं अशीच चिकटतात.

गाडीच्या खऱ्या डायनामोत वीज तयार होते ती फिरणाऱ्या भागात, आणि ती सगळी कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढावी लागते. फिरणाऱ्या भागात तांब्याची वेटोळी असतात. फार जोरात फिरवला तर ती वेटोळी बाहेर फेकली जातात. म्हणून त्याचा वेग बेतानं ठेवायचा. बेतानं ठेवला की सिग्नलला गाडी उभी असताना तो काहीच देत नाही. फियाटच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकायचा तो याच कारणानं. तसा लहान गाडीचा डायनामो द्यायचा किती? वीस-बावीस अँपियर. त्यासाठी पट्ट्याला साधारण अर्धा किलोवॉट ओढावं लागायचं. फार नाही.

या काळात एक नियम तयार झाला. सगळ्या ड्रायव्हरांना, सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठ असलेला: पट्टा ओरडला की आवळ. डायनामोचा बोल्ट सैल करायचा, टॉमीनं डायनामो बाहेर रेटायचा, बोल्ट कसायचा. अंगठ्यानं पट्टा मध्यावर दाबून बघायचा. अर्धा इंच दबला तर ठीक. हा नियम खोटा नव्हता, हे मला ठासून सांगायचंय. कारखान्यातून आलेल्या गाडीत तिन्ही पुल्या एका रेषेत असायच्या, ओझं हलकं असायचं. मग ओरडण्याचं कारण जवळजवळ एकच उरायचं. रबर ताणून पट्टा सैल झालाय.

मग अल्टरनेटर आला. त्याची कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका, जिथे वायरलेस आणि दिवे सतत चालू, तिथे अल्टरनेटर असायचे. पण त्यांची उलटसुलट वीज एकदिश करायला लागणारी साधनं अवजड होती. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि मार्ग मोकळा झाला. 1960च्या व्हॅलियंट या गाडीत क्रायस्लरनं अल्टरनेटर दिला, आणि दहा-पंधरा वर्षांत डायनामो इतिहासजमा व्हायला लागला. अल्टरनेटरमध्ये वीज तयार होते ती स्थिर भागात. फिरणाऱ्या भागाला थोडीशी वीज पुरवली की झालं. म्हणून तो जोरात फिरवता येतो, पुली लहान ठेवता येते, आणि गाडी उभी असतानाही तो बॅटरी भरतो.

पण पट्ट्याच्या बाजूनं बघा. पुली लहान, म्हणजे वेढा कमी. ऑयलर आठवा. ओझं दुपटीहून जास्त: 45 अँपियरचा अल्टरनेटर पूर्ण काम करत असेल तर पट्ट्याला किलोवॉटभराहून अधिक, म्हणजे दीड अश्वशक्ती ओढावी लागते. आणि आतला फिरणारा भाग लोखंडी, जड. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन पटकन धावतं, हा जड गोळा मागे राहतो, मधल्या पट्ट्याची ओढाताण. पट्टा तोच, आकार तोच, आवाजही वरवर तोच. आवाजाचा अर्थ मात्र एकच राहिला नव्हता.

आता माझी गोष्ट. 1993च्या जानेवारीत आमच्या फियाटच्या डायनामोचं आर्मेचर जळलं. ते भरून द्यायला दोन आठवडे लागणार होते. एका वायरमननं सुचवलं, "कशाला डायनामो? दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवून देतो, जन्माची कटकट जाईल." त्या काळात बऱ्याच फियाटवाल्यांनी हे केलं. आम्हीही केलं. लाल दिवा लुकलुकायचा बंद झाला, हेडलाइट झगझगीत. बाबा खूश.

आठवड्याभरात आवाज सुरू झाला. 'चिर्र, चिर्र, चिर्र', रातकिड्यासारखा. इंजिन पळवलं की चिरचिर जलद. मी त्या वेळी चाळिशीत होतो, मिलच्या आगमन पद्धती अठरा वर्षं शिकवत होतो, आणि मला वाटलं हे तर सोपं आहे. पट्टा ओरडतोय, आवळा. आवळला. आवाज गेला. दोन आठवड्यांनी परत आला. पुन्हा आवळला. मग एका टॅक्सीवाल्यानं सांगितलं म्हणून अंघोळीच्या साबणाची वडी पट्ट्याच्या आतल्या बाजूला घासली. मोगऱ्याचा वास आला आणि आठ दिवस शांतता. नंतर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी पट्टा इतका आवळला की अंगठ्यानं तो हलेना. आवाज पूर्ण बंद. मी घरी सांगितलं, "जमलं एकदाचं."

मे महिन्यात बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला नेलं होतं. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दगदग नको, ऊन नको. परत येताना संध्याकाळी खंबाटकी चढत होतो. आधी बॉनेटमधून घरघर, मग खडखड, मग एक आवाज झाला तो मी अजून विसरलेलो नाही. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग फुटलं होतं. दांडा वाकडा झाला, त्या दांड्यावरच बसवलेला पंखा पुढे सरकला आणि रेडिएटरमध्ये घुसला. वाफेनं समोरचं काही दिसेना. कशीबशी गाडी कडेला घेतली.

पट्टा इतका आवळला की त्याची ओढ जाते कुठे? पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगांवर. चार महिने मी ते बेअरिंग पट्ट्याकरवी ओढत होतो. आवाज बंद करायच्या नादात.

बाबा कठड्यावर बसले. मी त्यांच्या नाडीकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत होतो. दिवस मावळला. ट्रक जात होते, थांबत कोणी नव्हतं. बाबांनी विचारलं, "तो आवाज कधीपासून येत होता रे?"

"अल्टरनेटर बसवल्यापासून."

"मग पट्टा का आवळलास?"

मी चिडून म्हणालो, "बाबा, ही गाडी आहे. पेशंट नाही."

ते पुढे बोलले नाहीत. रात्री नऊनंतर साताऱ्याच्या एका कुटुंबानं आम्हाला गाडीत घेतलं. बाबांना त्या रात्री काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं. आणि झालं असतं तर वायरमनला दोष देऊन माझी सुटका झाली नसती. पाना माझ्या हातात होता.

दोन दिवसांनी गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. मी तिथे नोकरीला होतो. उद्यमनगरात एक वयस्कर मेस्त्री होते. शिक्षण चौथी. उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको: एका गल्लीत ओतकाम, पुढच्या गल्लीत लेथ, मागितला तो भाग संध्याकाळपर्यंत करून मिळतो. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, फुटलेला पंप बघितला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"आवाज कवाधरनं येत हुता?"

"चार महिने झाले."

"त्याच्या आदी काय काढलं-घाटलं?"

"डायनामो काढून अल्टरनेटर बसवला."

"आन् पट्टा कुनी आवळला?"

"मी."

मेस्त्रींनी पोराला चहा सांगितला. (हशा)

नवा पंप, नवा पंखा, दुरुस्त रेडिएटर, नवा पट्टा. बेतानं ताणलेला. इंजिन सुरू केलं, आणि रातकिडा परत हजर! मला घाम फुटला. मेस्त्री मात्र आता कुठे कामाला लागले होते. त्यांनी काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तो आहे. पहिल्यांदा त्यांनी मला हेडलाइट लावायला सांगितले. अल्टरनेटरवर ओझं पडलं. आवाज बदलला नाही. म्हणजे ओझ्यानं पट्टा घसरत नव्हता. घसरणाऱ्या पट्ट्याचा आवाज वेगळा, लांबलचक 'कीऽऽऽ', सकाळी गाडी सुरू केल्यावर बॅटरी भरत असताना पहिला मिनिटभर येतो तसा. मग प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याची बारीक धार सोडली. आवाज गप्प झाला. चार-पाच सेकंदांनी पाणी उडालं, आवाज परत. पट्टा सैल असता तर पाण्यानं तो आणखी घसरला असता, आवाज वाढला असता. गप्प होऊन परत येतो तो पट्टा वाकड्या वाटेनं चाललेला असतो. (तुम्ही हे करणार असाल तर पदर, ओढणी, बाही आवरा. पंखा कुणाला ओळखत नाही.) मग त्यांनी इंजिन बंद करून पट्टाच काढला आणि पुन्हा सुरू केलं, फक्त अर्धा मिनिट, कारण पट्ट्याशिवाय पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. आवाज नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकलं. स्वच्छ. इंजिन बंद करून अल्टरनेटरची पुली हातानं फिरवली, डोळे मिटून. खरखर नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. शेवटी गवंड्यासारखं सूत घेतलं आणि क्रँकच्या पुलीपासून पंपाच्या पुलीवरून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत ताणलं. अल्टरनेटरची पुली चार मिलिमीटर आत.

बस. चार मिलिमीटर. दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर, त्याचे कान वेगळ्या मापाचे, वायरमननं ब्रॅकेट जुळवलं पण पुली रेषेत आहे का ते बघितलं नाही. साधारण फूटभर अंतरावरच्या दोन पुल्यांत अडीच मिलिमीटरपर्यंतचा फरक व्ही-बेल्ट सहन करतो. त्यापलीकडे तो खाचेच्या एकाच भिंतीला घासत आत शिरतो, प्रत्येक वेळी रबर चिकटतं, सुटतं, चिकटतं, सुटतं. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढला की हेच होतं. हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात ते दाखवलं. आमच्या गाडीत मैफल चालली होती, आणि मी ती बंद करायला सारंगियाचा गळा आवळत होतो. समोरच्या लेथवरून चार मिलिमीटरचा वॉशर कातून आणला, अल्टरनेटर त्यावर पुढे घेतला. आवाज गेला तो गेला. मजुरी किती झाली ते सांगत नाही, आज तेवढ्यात वडापाव येत नाही.

घरी आल्यावर मी मिलचं 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' काढलं. 1843चा ग्रंथ. हेडलाइट लावून बघणं म्हणजे सहपरिवर्तनाची रीत: एक वाढवा, दुसरं वाढतं का बघा. पट्टा काढून बघणं म्हणजे व्यतिरेकाची रीत. माझ्या नोट्समध्ये सगळं होतं, माझ्या अक्षरात. मी त्याची उदाहरणं कुठली द्यायचो? दव कसं पडतं, हे मिलचंच उदाहरण. गाडी कधी सुचली नाही.

पण माझी चूक नेमकी कुठली होती? मी नियम वापरला होता, आणि नियम खरा होता. याचं उत्तर मला मिलपेक्षा आपल्या नैयायिकांकडे चांगलं मिळालं. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, हे सगळ्यांना माहीत. उलट, अग्नी दिसला की धुराचं अनुमान करता येतं का? नाही, असं नैयायिक म्हणतात. तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नीबरोबर धूर नेहमी का दिसतो? कारण तिथे एक तिसरी गोष्ट आहे, ओलं इंधन. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. उपाधी असेपर्यंत अनुमान बरोबर येतं, म्हणून माणूस फसतो. ज्यानं जन्मभर ओल्या लाकडाची चूलच बघितली त्याला अग्नी आणि धूर यांची साथ अतूट वाटणार.

'पट्टा ओरडला म्हणजे सैल झाला' या नियमात अशीच उपाधी होती: पुल्या कारखान्यातल्याच आहेत, आणि ओढायला डायनामोच आहे. पन्नास वर्षं ती अट सगळीकडे पाळली जात होती, म्हणून कुणी ती बोलून दाखवली नाही. नियम तोंडातोंडी पुढे आला, अट मागे राहिली. मी जानेवारीत ती अट पैसे देऊन स्वतःच मोडली, आणि नियम मात्र तसाच वापरत राहिलो. मेस्त्रींनी आणि बाबांनी विचारलेला प्रश्न हा बरोबर त्या उपाधीचा शोध होता. आवाज कसा आहे हे दोघांनीही आधी विचारलं नाही. कधीपासून, आणि त्याआधी काय बदललं, हे विचारलं.

बाबांना ती सवय वैद्यकातली. त्यांच्याकडून पुढे मी लेनेक या फ्रेंच वैद्याविषयी ऐकलं. 1816 मध्ये पॅरिसमध्ये त्यानं कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली, एवढं आपण शाळेत वाचतो. मोठं काम पुढचं होतं. जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर छाती उघडल्यावर दिसलेली विकृती यांची त्यानं वर्षानुवर्षं जोडी लावली, आणि 1819 मध्ये ग्रंथ लिहिला. आवाजाला अर्थ आला तो उघडून बघितल्यामुळे. त्याच्याही आधी, 1761 मध्ये, ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यानं छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखायची रीत मांडली. त्याचे वडील खानावळ चालवायचे, पिंपात दारू किती उरली ते ठोकून बघायचे. मुलानं ते पाहिलेलं होतं, असं वैद्यकाच्या इतिहासात सांगतात. त्याच्या पुस्तकाकडे बरीच वर्षं विद्वानांनी दुर्लक्ष केलं. पिंप ठोकणाऱ्याची विद्या रुग्णालयात शिरायला वेळ लागतोच.

मेस्त्रींनी हजारो वेळा ऐकलं होतं आणि हजारो वेळा उघडून बघितलं होतं. मी फक्त ऐकलं होतं. आमच्यातला फरक चौथी आणि पीएच.डी. यांतला नव्हता, म्हणजे होता, पण उलट्या दिशेनं. आपल्याकडे हातानं शिकलेल्याला 'अनुभवी' म्हणतात, 'विद्वान' म्हणत नाहीत. मेस्त्रींनी त्या दिवशी केलं ते शुद्ध अनुमान होतं, एकही पायरी न गाळता. मी विभागात परत गेल्यावर त्यांना वर्गात बोलवायचं ठरवलं होतं. प्राचार्यांच्या परवानगीचं पत्रही लिहिलं. पाठवलं नाही. का पाठवलं नाही याची कारणं त्या वेळी माझ्याकडे बरीच होती. आज एकही आठवत नाही. मेस्त्री पुढे आठ-नऊ वर्षांनी गेले.

एक राहिलं. तुमच्यातले तरुण म्हणतील, आमच्या गाडीत हे काही नसतं. बरोबर. 1979च्या फोर्ड मस्टंगमध्ये एकच लांब, चपटा, आत बारीक धारा असलेला पट्टा आला. तो सगळं फिरवतो, आणि त्याला ताण द्यायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो. आवळायचा बोल्टच नाही. त्या गाडीत आवाज आला तर बहुतेकदा टेन्शनर थकलेला असतो, किंवा गाइड पुलीचं बेअरिंग, किंवा कुठून तरी तेल-कूलंट पट्ट्यावर गळतंय. म्हणजे पन्नाशीतल्या मेस्त्रीनं डायनामोवर शिकलेला कान, पुन्हा अल्टरनेटरवर शिकवलेला, आता तिसऱ्यांदा शिकवायला लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावतात, तो विजेच्या बिघाडाचा आकडा सांगतो. पट्ट्याची चिरचिर त्याला ऐकू येत नाही, तिथे अजून पाण्याची बाटलीच लागते.

बाबा 1999 मध्ये गेले. गाडी माझ्याकडे आहे, चार मिलिमीटरचा वॉशर तिथेच आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आवाज आला. मी लगेच पाना घेतला नाही, वहीत बघितलं. वर्षभरात काही काढलं-घातलेलं नव्हतं. रातकिडा नव्हता, लांब 'कीऽऽऽ' होता. हेडलाइट लावले, वाढला. बाटलीतून पाणी सोडलं, आणखी वाढला. अंगठ्यानं दाबलं तर पट्टा इंचभर दबत होता. सैल झाला होता, दुसरं काही नाही. अर्धा इंच येईपर्यंत आवळला आणि हात धुऊन चहाला गेलो.